२७ इंची मॉनिटर घ्यायचाय, फुल एचडी २४० हर्ट्झ की टू-के १८०? गेम, पिक्चर आणि घरच्यांचं रोजचं काम

सिंहगडरोड_०७
नमस्कार मंडळी. घरातला जुना १९ इंची मॉनिटर गेला. गुरुवारी नेहमीसारखी लाईट गेली आणि दुपारी आली तेव्हा तो सुरूच झाला नाही, दुरुस्तीवाले म्हणाले पॅनल गेलंय, आता त्यात पैसे घालू नका. म्हणून नवीन घ्यायचाय. बजेट २० हजार, अगदी ताणून २२.

वापर सांगतो, कारण एकच मॉनिटर तिघांत आहे. मी रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो, शनिवार-रविवारी स्टोरीवाले मोठे गेम. पीसीत आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, १२ जीबीवालं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम असतं तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप पण यालाच जोडणार. बाबा रात्री कॉटवर पडून जुने मराठी पिक्चर बघतात, कॉट टेबलाच्या समोर नाही, बाजूला आहे, सात-एक फुटांवर. आणि आई सकाळी ई-पेपर वाचते आणि सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये करते, तिला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. खोली १० बाय १०, टेबल दोन फूट खोल.

दोन मॉनिटर काढलेत. एक २७ इंची फुल एचडी, २४० हर्ट्झ (सेकंदाला २४० चित्रं), व्हीए पॅनल, कर्व्ह्ड. दुसरा २७ इंचीच, टू-के म्हणजे १४४०पी, १८० हर्ट्झ, आयपीएस (हा आणि व्हीए, दोन्ही पॅनलचे प्रकार). दोन्हीत साधारण दोन हजारांचा फरक, दुसरा महाग. मित्र म्हणतो गेमिंगला २४० च घे. माझी भीती अशी की ३०६० ला टू-के झेपणार नाही आणि मग पैसे पण गेले आणि गेम पण अडकत चालले असं होईल. काय करू?

रात्रपाळी_हिंजवडी
भावा, २४० या आकड्यामागे धावू नकोस. साधा हिशोब कर. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलीसेकंद स्क्रीनवर राहतं, १४४ ला ६.९. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलास की जवळजवळ १० मिलीसेकंद वाचतात आणि तो फरक कुणालाही कळतो, नुसता माऊस हलवला तरी. पुढे १८० ला ५.६ आणि २४० ला ४.२, म्हणजे तुझ्या दोन मॉनिटरमध्ये फरक उरला फक्त १.४ चा. स्पर्धांना उतरणाऱ्यांसाठी तेवढाही महत्त्वाचा असेल, पण घरात तिघं वापरणार आहेत तिथे त्यासाठी बाकी सगळं सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

३०६० चं म्हणशील तर टू-केला फुल एचडीच्या पावणेदोन पटीपेक्षा जरा जास्त पिक्सेल काढावे लागतात, २०.७ लाखांच्या जागी ३६.९ लाख. व्हॅलोरंटला त्याचं काहीच नाही, तो गेम हलका आहे. मोठ्या गेममध्ये सेटिंग अल्ट्रावरून मीडियम-हायवर आणायचं आणि डीएलएसएस (कमी पिक्सेल काढून चित्र मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर ठेवायचं. फ्रेम खाली-वर झाल्या तरी अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे मॉनिटरने कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणं, चालू ठेवलास की चित्र फाटत नाही, २०१९ च्या जानेवारीपासून एनव्हिडियाची कार्डं फ्रीसिंकवाल्या (एएमडीची तीच सोय) मॉनिटरवर पण ते चालवतात. आणि कार्ड दोन-तीन वर्षांनी बदलशील, मॉनिटर सात-आठ वर्षं राहतो. तुझा १९ इंची किती वर्षं चालला आठव.

आणि बॉक्सवरच्या '१ एमएस' (मिलीसेकंद) वरून काही ठरवू नकोस. काही ठिकाणी ते एमपीआरटी (हलतं चित्र किती वेळ दिसत राहतं) असतं आणि काही ठिकाणी जीटीजी (पिक्सेलला एका छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ), दोन्ही मोजायच्या पद्धतीच वेगळ्या, त्यामुळे दोन बॉक्स शेजारी ठेवून तुलना होतच नाही.

जोडाक्षर
मी गेम खेळत नाही, पण आईचं वाचलं म्हणून लिहितेय. मी मराठी डीटीपी आणि मुद्रितशोधन करते, दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनवर मराठीच वाचायचं असतं. कृपा करून २७ इंचात फुल एचडी घेऊ नका.

कारण सांगते. फुल एचडी २४ इंचात असलं की इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात, तेच २७ इंचात ताणलं की ८२ च्या आसपास येतात, आणि २७ इंच टू-केला १०९. इंग्रजी वाचताना ८२ चालून जातं, अक्षरं सुटी सुटी असतात. आपल्या लिपीचं तसं नाही ना, वर शिरोरेषा, तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधे 'क्ष', 'द्ध', 'त्त्व' अशी भरलेली जोडाक्षरं. हे सगळं त्याच एका ओळीच्या उंचीत बसवायचं तर प्रत्येक तुकड्याला मोजकेच ठिपके मिळतात. मग रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, 'द्य' आणि 'ध्य' ओळखायला पुढे वाकावं लागतं. माझ्याकडे ऑफिसमध्ये चार वर्षं २७ इंची फुल एचडी होता, संध्याकाळी कपाळ दुखायचं आणि मी चष्म्याचा नंबर तीनदा तपासून घेतला, नंबर तोच होता. मॉनिटर बदलला तेव्हा दुखायचं थांबलं. अनुस्वार सुटण्याच्या चुका पण कमी झाल्या, ते माझ्या कामात फार मोठं आहे.

दुकानात जाल तेव्हा त्यांचा रंगीबेरंगी डेमो बंद करायला सांगा आणि नोटपॅडमध्ये १० च्या साईझला 'कर्तृत्व, दुर्धर, उद्ध्वस्त, तत्त्वनिष्ठ, अर्धांगिनी' असं टाईप करून दोन फुटांवरून वाचा. दोन्ही मॉनिटरवर वाचा, मग मला काही सांगायची गरजच पडणार नाही.

चष्म्याचं पण बघा. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, मॉनिटर उंच असला की वाचायला मान मागे टाकावी लागते आणि मान धरते. म्हणून स्टँड खाली-वर होणारा पाहिजेच. नुसता मागे-पुढे कलणारा पुरत नाही.

कोथरूड_पन्नास
माझ्या वडिलांना तर २७ इंची फुल एचडीच आवडतो, अक्षर मोठं दिसतं म्हणतात. टू-केवर सगळं बारीक होतं हे पण सांगा ना.

जोडाक्षर
@कोथरूड_पन्नास बरोबर आहे, १०० टक्क्यांवर ठेवलं तर बारीकच दिसतं. पण विंडोजमध्ये स्केल १२५ करा, अक्षर जवळजवळ तेवढंच मोठं होतं आणि शिवाय कडा गुळगुळीत राहतात. अक्षराचा आकार नंतर वाढवता येतो, पॅनलमध्ये नसलेले ठिपके कुठून आणणार? वडिलांना सवय झाली असेल तर लगेच बदलायची घाई करू नका, पण पुढचा घेताना एकदा दोन्ही शेजारी दाखवा.

काळोखातला_पिक्चर
सगळेच दुसरा, म्हणजे आयपीएसवाला, घे म्हणतायत म्हणून व्हीएची बाजू मांडतो, मी स्वतः तीन वर्षं वापरतोय आणि मनापासून आवडतो. पिक्चरसाठी काळा रंग काळा दिसणं ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आयपीएसचं कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतं, व्हीएचं ३०००:१ च्या आसपास. बाबा जुने मराठी पिक्चर बघतात म्हणालात, ते जवळजवळ चौकोनी असतात, ४:३, म्हणजे आपल्या रुंद स्क्रीनवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येणार. खोलीतला दिवा बंद केला की आयपीएसवर त्या पट्ट्या राखाडी दिसतात, कोपऱ्यात तर उजेड फुटल्यासारखा. व्हीएवर त्या नाहीशा होतात आणि नुसता पिक्चर उरतो. ब्लॅक अँड व्हाईट सिनेमात मागचा काळोख खरा काळोख असला की चेहरे काय दिसतात!

तोटाही सांगतो. काळ्याकडून करड्याकडे जाताना स्वस्त व्हीएचे पिक्सेल हळू चालतात, त्यामुळे गेममध्ये अंधाऱ्या जागी कॅमेरा फिरवला की मागे काळी शेपटी राहते. व्हॅलोरंटच्या उजेडातल्या मॅपला ते कमी जाणवेल.

आणि 'एचडीआर ४००' बघून जास्त पैसे देऊ नका, कुठलाच पॅनल असो. त्या सर्टिफिकेटला लोकल डिमिंगची (बॅकलाईट भागाभागाने कमी-जास्त करण्याची) अटच नाही, अख्खी बॅकलाईट एकदमच कमी-जास्त होते, मग काळं आणि पांढरं एकाच चित्रात वेगळं उठून येणार कसं?

सिंहगडरोड_०७
खूप मनापासून आभार सगळ्यांचे, जोडाक्षर ताई तुमचं तर मी आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मला वाटायचं डोळेच गेले. @काळोखातला_पिक्चर दादा तुमचं वाचून बाबांसाठी व्हीए घ्यावासा वाटायला लागलाय. पण ते बाजूने बघतात. त्याचं काय?

काळोखातला_पिक्चर
बाजूने बघणार असतील तर मीच म्हणतो व्हीए नको. समोरून तो जेवढा छान, तेवढाच बाजूने फिका पडतो, काळ्यातली खोलीच जाते. कॉटवरून त्यांना कॉन्ट्रास्टचा फायदा मिळणारच नाही. आयपीएस घ्या आणि मॉनिटरच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा छोटा दिवा लावा, मंद, पांढरा. डोळ्यांना पट्ट्या पुष्कळ काळ्या वाटतात.

रात्रपाळी_हिंजवडी
हे पटलं. अजून तीन गोष्टी पटकन. बऱ्याच गेमिंग मॉनिटरला स्पीकरच नसतात, बाबा हेडफोन लावून झोपणार नाहीत, तेव्हा छोटे स्पीकर बजेटमध्ये धर. पीसीला डिस्प्ले पोर्टच्या केबलनेच जोड, ऑफिसच्या लॅपटॉपला एचडीएमआय ठेव, तिथे ६० मिळालं तरी कामाला काही अडत नाही. बॉक्समध्ये एकच केबल आली तर दुसरी पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून घेऊन ये.

आणि यूपीएस! तुझ्याकडे गुरुवारी लाईट जाते म्हणालास, शिवाय मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात व्होल्टेजचं काय होतं आपल्याला माहितीये. ६०० व्हीए (इथे व्होल्ट-अँपिअर, पॅनलचा व्हीए नव्हे) घेऊ नकोस, तो जेमतेम ३६० वॅटचा असतो आणि ३०६० एकटंच गेममध्ये १७० वॅट खातं. १००० व्हीए बघ. ठरवून लाईट जाणार असेल तर आधीच बटण बंद करून प्लग काढून ठेवायचा, हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी.

पेठेतला_मेकॅनिक
दुकानातूनच घ्या आणि तिथेच चालू करून बघा. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे स्क्रीन लावून एक-एक कोपरा बघायचा. एखादा पिक्सेल मेलेला असला तर बहुतेक कंपन्या तेवढ्यावरून बदलून देत नाहीत, ठराविक संख्या झाली तरच देतात, म्हणून घरी आणून मग भांडण्यात अर्थ नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, बरोबर मधोमध हिरवा ठिपका, महिनाभर फोन करून थकला बिचारा.

बिलावर सिरीयल नंबर घ्या. आणि स्कूटरवर पायात धरून आणू नका, २७ इंचाचा बॉक्स हँडलला लागतो, खड्ड्यात एक दणका बसला की पॅनलला रेघ. रिक्षा करा, बॉक्स उभा धरा.

सिंहगडरोड_०७
घेतला! टू-के आयपीएस, खाली-वर होणाऱ्या स्टँडचा, १९ हजार ४०० ला. काल टिळक रोडवरून रिक्षाने आणला. दुकानात 'उद्ध्वस्त' टाईप केलं तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघत राहिले, पण दोन्ही मॉनिटर शेजारी होते आणि फरक इतका स्वच्छ होता की त्यांनी पण खुर्ची ओढून वाचलं. फुल एचडीवर 'द्ध्व' म्हणजे नुसता गोळा दिसत होता. एक मेलेला पिक्सेल पहिल्या पीसमध्ये सापडलाच, उजवीकडे खाली, त्यांनी लगेच दुसरा उघडून दिला.

आज सकाळी आईने स्टँड पार खाली केला, १२५ टक्के करून पूर्ण ई-पेपर वाचला, छोट्या जाहिरातींसकट. बाबांचा दिवा उद्या लावतो.

एकच शंका, गेममध्ये मला अजून खास फरक जाणवत नाहीये, जुन्यासारखंच वाटतंय. केबल डिस्प्ले पोर्टचीच लावलीये.

रात्रपाळी_हिंजवडी
विंडोजने ६० वरच ठेवलं असणार. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट बदल.

सिंहगडरोड_०७
६० च होतं! १८० केलं. आता कळलं तुम्ही सगळे काय म्हणत होतात, नुसती विंडो ओढली तरी लोण्यासारखी सरकतेय.