पदवीसाठी परदेशी भाषा शिकावी लागली तेव्हा : बडोदेकरांचे अनुभव

जुना बडोदेकर

माझी नात अमेरिकेत इतिहासाची डॉक्टरेट करीत आहे. नीळ आणि कृत्रिम रंग यांचा व्यापार हा तिचा विषय. परवा ती फोनवर सांगत होती की प्रबंधाला हात घालण्यापूर्वी इंग्रजीखेरीज दोन भाषा वाचता येतात हे परीक्षा देऊन दाखवावे लागते, आणि त्यांपैकी पहिली म्हणून तिने जर्मन निवडली आहे. तिच्या तोंडून विभक्ती, नपुंसकलिंग, वाक्याच्या शेवटी जाणारे क्रियापद असे सगळे ऐकले आणि सयाजीराव विद्यापीठातले माझे रसायनशास्त्राचे दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस सेंद्रिय रसायनशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्याला जर्मन वाचता आलेच पाहिजे, असा आमच्या मार्गदर्शकांचा आग्रह असे आणि त्याला भक्कम कारण होते. एखादे संयुग पूर्वी कोणी तयार केले आहे काय, कोणत्या मार्गाने केले, त्याचा द्रवणांक किती नोंदवला आहे, हे पाहण्यासाठी बाइलश्टाइनचा कोश उघडावा लागे. १८८१ पासून निघत असलेला तो कोश जर्मन भाषेत होता; त्याच्या पुरवण्या इंग्रजीत निघू लागल्या त्या १९८४ पासून. म्हणजे आमच्या पिढीला दुसरा मार्गच नव्हता. संध्याकाळी प्रयोगशाळा बंद झाल्यावर आम्ही जर्मनच्या वर्गाला बसत असू. परीक्षेत एखाद्या संशोधनपत्रातला उतारा देत आणि शब्दकोश हाताशी ठेवून त्याचा इंग्रजी अनुवाद करायला सांगत. बोलण्याची अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. जर्मन माणसाशी मी आयुष्यात चार वाक्येही बोललो नाही, परंतु निवृत्त होईपर्यंत जर्मन संशोधनपत्रे वाचत राहिलो आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

नातीला मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांच्या ढीगभर अभ्यासक्रमांबरोबर त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचेही अभ्यासक्रम घेतले होते. त्या काळी अमेरिकेतल्या डॉक्टरेटला या दोन भाषांचे वाचन अपेक्षितच असे. आपल्या गावच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्याने जे ओझे उचलले, तेच शंभर वर्षांनंतर आपल्या गावची मुलगी उचलते आहे.

ज्यांना पदवीसाठी परदेशी भाषा शिकावी लागली त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. मी ते नातीला वाचून दाखवणार आहे.

रावपुऱ्याची लेक

काका, अगदी माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. माझी डॉक्टरेट संस्कृतची आहे आणि तीही परदेशातल्या विद्यापीठाची. संस्कृत शिकायला परदेशी जायचे आणि तिथे जाऊन जर्मन व फ्रेंच शिकायचे, हे आमच्या आजीला कितीही समजावले तरी पटत नसे. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की संस्कृतच्या आधुनिक अभ्यासाचा मोठा भाग जर्मनमध्ये लिहिला गेला आहे. ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघाला आणि त्यात शब्दांचे अर्थ जर्मनमध्ये दिले आहेत. वाकरनागेल यांचे संस्कृत व्याकरण जर्मनमध्ये आहे, गेल्डनर यांचा ऋग्वेदाचा अनुवाद जर्मनमध्ये आहे. रनू यांचे वेद आणि पाणिनी यांच्यावरचे काम फ्रेंचमध्ये आहे. ते वाचता आले नाही, तर ज्या प्रश्नाला उत्तर देऊन लोक केव्हाच पुढे गेले आहेत तोच प्रश्न आपण नवा समजून मांडत बसतो.

आमची परीक्षा दोन तासांची असे आणि शब्दकोश वापरण्याची मुभा असे. परीक्षकाला गुळगुळीत अनुवाद नको असतो. वाक्यातला कर्ता कोण, कर्म कोणते, कोणते विशेषण कोणत्या नामाचे, हे विद्यार्थ्याला कळले आहे की नाही एवढेच तो पाहतो. तुमच्या नातीला माझे आग्रहाने सांगणे आहे की तिने संभाषणाच्या वर्गात वेळ घालवू नये. अनेक विद्यापीठांत केवळ वाचनासाठी उन्हाळ्यात वेगळा वर्ग चालतो, तो घ्यावा, आणि तिसऱ्या आठवड्यापासून क्रमिक पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच्या विषयाचा मजकूर वाचायला लागावे. रंगांच्या इतिहासात शब्द पुन्हा पुन्हा तेच येतील, त्यामुळे तिचा शब्दसंग्रह लवकर तयार होईल.

निजामपुरा

कुकर लावून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. वाचनाची परीक्षा ही त्यातल्या त्यात सुखाची म्हणायची. माझी मुलगी जर्मनीत अभियांत्रिकीच्या पदवीला गेली, तिथे सगळे शिक्षण जर्मनमधून होते. बडोद्यात कॉलेजचे एक वर्ष झाल्यावर तिला तिथल्या पूर्वतयारीच्या वर्षाला बसावे लागले, आणि त्या वर्षात प्रवेश मिळवण्यासाठीच आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागली. परीक्षा द्यायला आम्ही दोघी मुंबईला गेलो होतो. बाकीचे सावकाश लिहीन.

फत्तेगंज

या विषयावर रशियन भाषेची आठवण निघाल्याशिवाय राहणार नाही. कोयलीची रिफायनरी सोव्हिएत सहकार्याने उभी राहिली आणि १९६५ मध्ये सुरू झाली. माझे वडील तिथे नोकरीला होते, त्यामुळे रशियन अभियंते आणि त्यांची कुटुंबे हे आमच्या लहानपणी गावातले नेहमीचे दृश्य होते. पुढे सत्तरच्या दशकात मला मॉस्कोला शिकायला जाण्याची संधी मिळाली ती घरात या सगळ्याविषयी आपलेपणा होता म्हणूनच.

तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या आधी पूर्वतयारीचे एक संपूर्ण वर्ष असे. पहिले काही महिने नुसती भाषा शिकवीत. नंतर गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे आपल्याला आधीच ठाऊक असलेले विषय रशियनमधून पुन्हा शिकवीत. ही पद्धत मला आजही अत्यंत शहाणपणाची वाटते. त्रिकोणमितीचे सूत्र आपल्याला पाठ असते, त्यामुळे शिक्षक काय बोलत आहेत हे सूत्रावरून कळते आणि भाषा त्याच्या आधाराने मनात उतरते. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत आणि नामाचे रूप विभक्तीनुसार बदलते. आमच्या वर्गातले अनेक जण त्याला घाबरत, परंतु शाळेत ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्या मुलाला विभक्ती ही कल्पना तरी नवी नव्हती.

परीक्षा तोंडी असत. टेबलावर उलट्या मांडलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक उचलायची, तिच्यावरच्या प्रश्नांची थोडा वेळ बसून तयारी करायची आणि मग प्राध्यापकांसमोर बसून रशियनमध्ये उत्तर द्यायचे. गुण पाचपैकी. ते लगेच आपल्या नोंदवहीत लिहून त्यावर सही करीत. स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन परत आलो तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला की आता मराठीत विचार करतोस की रशियनमध्ये. प्रामाणिकपणे सांगायचे, तर तुळईवरचा भार काढताना मी पुढे कित्येक वर्षे आकडे रशियनमध्येच मोजत होतो.

रावपुऱ्याची लेक

फत्तेगंजकाका, ओळखीचा विषय नव्या भाषेतून पुन्हा शिकवण्याची ही पद्धत फार मोलाची वाटली. वाचनाच्या परीक्षेलाही ती लागू पडते. जो लेख इंग्रजीत वाचलेला आहे, त्याचेच मूळ जर्मन समोर ठेवून बसावे.

मांजलपूरची आई

मी थोडे वेगळे लिहिणार आहे, परंतु विषय हाच आहे. माझा मुलगा अमेरिकेत पदवीला आहे. तिथल्या पुष्कळ विद्यापीठांत विज्ञान शिकणाऱ्यालासुद्धा पदवीसाठी इंग्रजीखेरीज एक भाषा ठरावीक पातळीपर्यंत यावी लागते. त्याच्या विद्यापीठात ते साधारण दोन वर्षांचे शिक्षण होते. शाळेचे माध्यम इंग्रजीव्यतिरिक्त असेल तर सूट मिळते. माझ्या मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, गल्लीत गुजराती, दूरदर्शनवर हिंदी. चार भाषा सहज बोलणाऱ्या मुलाला कागदोपत्री एकच भाषा येते असे ठरले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

त्याने अर्ज केला की मराठीची परीक्षा घ्यावी. त्याच्या विद्यापीठात मराठी शिकवणारे कोणी नव्हते, पण अमेरिकेत मराठी शिकवणारी विद्यापीठे आहेत. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया ही त्यांतली मला ठाऊक असलेली नावे. शेवटी बाहेरचा परीक्षक मिळाला. बोलणे, वाचणे आणि लिहिणे अशा तिन्ही अंगांनी परीक्षा होणार होती. बोलण्याची चिंता नव्हती आणि हिंदीमुळे देवनागरी वाचता येत होती. लिहिणे मात्र त्याने कधीच केले नव्हते. मग माझ्या सासूबाईंनी ते काम हाती घेतले. दांडिया बाजारातल्या घरी बसून त्या रोज सकाळी, म्हणजे त्याच्या रात्री, व्हिडिओवरून त्याला शुद्धलेखन घालीत. वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून घेत, त्याचा सारांश लिहायला सांगत आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरायला लावून ऱ्हस्व-दीर्घ तपासत. त्या स्वतः बडोद्यातल्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर इतक्या उत्साहाने एखादे काम करताना मी त्यांना पाहिले नव्हते. मुलगा उत्तीर्ण झाला. आता तो आजीला मराठीत पत्रे लिहितो, आणि टपालाने पाठवतो.

निजामपुरा

मांजलपूरच्या ताई, वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मघाशी राहिलेले लिहिते. जर्मनीत पदवीच्या प्रवेशासाठी भाषेची परीक्षा देण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. एक टेस्टडाफ, ज्यात वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात आणि प्रत्येक भागाला तीन, चार किंवा पाच अशी श्रेणी मिळते. चारही भागांत चार आले की बहुतेक ठिकाणी भाषेची अट पूर्ण होते. दुसरा मार्ग डीएसएच, जी परीक्षा विद्यापीठे स्वतः घेतात. मुलीला सर्वांत कठीण गेले ते ऐकणे. वर्गातले शिक्षक स्पष्ट आणि सावकाश बोलत, परंतु व्याख्यानात प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलत असत. तिने शेजारी बसणाऱ्या मुलीशी ठरवून घेतले होते की रोज संध्याकाळी दोघींच्या वह्या ताडून पाहायच्या. पहिल्या सत्राच्या शेवटी ती शेजारीण तिच्याच वहीवरून अभ्यास करू लागली, हे सांगताना मला आई म्हणून फार आनंद होतो.

सयाजीगंज

मला कोणत्याही पदवीसाठी परदेशी भाषा शिकावी लागली नाही, तरीही एक माहिती इथे नोंदवावीशी वाटते. श्री अरविंद १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत आले आणि १९०६ पर्यंत इथे होते. बडोदा कॉलेजात त्यांनी सुरुवातीला फ्रेंच शिकवले आणि नंतर ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. म्हणजे विद्यापीठ स्थापन होण्याच्या अर्धशतक आधीपासून या गावात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकण्याची सोय होती, आणि शिकवणारा माणूस त्याच काळात स्वतः संस्कृत, बंगाली, मराठी आणि गुजराती शिकत होता.

जुना बडोदेकर

सर्वांचे मनापासून आभार. नातीला रात्री सगळे वाचून दाखवले. मांजलपूरच्या ताईंच्या सासूबाईंची हकीकत तिने दोनदा वाचायला लावली. जर्मन का निवडली हेही तिने नीट सांगितले. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि त्यानंतर भारतातली निळीची शेती झपाट्याने खालावली. इंग्रज मळेवाल्यांची बाजू इंग्रजी कागदांत मिळते, परंतु नीळ कारखान्यात तयार करणाऱ्यांनी काय ठरवले, किंमत कशी लावली, हे जर्मन कागदांतच आहे. आता प्रश्न दुसऱ्या भाषेचा आहे. तिचे मित्र फ्रेंच घेण्यास सांगत आहेत, कारण फ्रेंचचे वर्ग सहज मिळतात. जाणकारांनी मत द्यावे.

रावपुऱ्याची लेक

काका, वर्ग सहज मिळतात हे भाषा निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. तिच्या प्रबंधातले कागद कोणत्या भाषेत आहेत, एवढेच पाहावे. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ सतराव्या शतकात युरोपात जात असे आणि डच ईस्ट इंडिया कंपनी तिच्या मोठ्या खरेदीदारांपैकी होती. तिने एखादे प्रकरण तितक्या मागे नेले, तर डच हीच दुसरी भाषा असली पाहिजे, आणि जर्मन येत असेल तर डच वाचायला फार वेळ लागत नाही. जुने हस्ताक्षर वाचण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागेल. प्रबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच सुरू होणार असेल, तर तिने मार्गदर्शकांना विचारावे की संशोधनाची भाषा म्हणून गुजराती चालेल काय. व्यापाऱ्यांचे चोपडे गुजरातीत असतात आणि ते वाचू शकणारे संशोधक तिथे फार थोडे असतील. काही विभाग ही मुभा देतात, परंतु ती आधी लेखी घ्यावी लागते.

फत्तेगंज

चोपड्यांविषयी एक सूचना. जुने व्यापारी बिनशिरोरेषेच्या लिपीत लिहीत, त्यात काना-मात्राही पुष्कळदा गाळलेल्या असतात. शाळेत शिकलेल्या गुजरातीवर ते वाचता येत नाहीत. मांडवीतल्या एका जुन्या पेढीवर ते वाचणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. नात सुटीत येणार असेल तर मी तिला त्यांच्याकडे घेऊन जाईन.

जुना बडोदेकर

ती डिसेंबरात येत आहे. तुम्ही त्यांना विचारून ठेवावे, ही विनंती.