मदत हवी आहे: मारुती ८०० चं क्लच पेडल सैल पडलंय, वायर आवळू की बदलू?

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. बाबांची मारुती ८०० आहे, २००६ चं मॉडेल. गाडी चिपळूणला असते, हल्ली मीच चालवते. काही आठवड्यांपासून क्लचचं पेडल सैल पडलंय. पायाचा नुसता भार दिला तरी अर्ध्यापर्यंत फुकट खाली जातं. गाडी उचलते तीही पेडल जवळजवळ तळाला असतानाच, जरा सोडलं की लगेच. पहिला गिअर रेटून टाकावा लागतो आणि रिव्हर्स टाकताना असा खर्रर्र आवाज येतो की शेजारचे काका गॅलरीत येऊन बघतात. बहादूरशेख नाक्यावर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून थांबले तरी गाडी पुढे सरकू बघते. इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर अलगद पडतात.

ओळखीच्या एका मेकॅनिकने फेरी मारून सांगितलं, क्लच प्लेट संपली, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण सेट टाकू. बाबा म्हणतात, वायर सैल झालीय, नट आवळ आणि मोकळी हो. दोघांचंही बोलणं ठाम, त्यामुळे मी मधल्या मध्ये अडकलेय.

आणखी एक. जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. इंजिन उघडून साफ केलं, बरंचसं वायरिंग बदललं. क्लचला हात लावल्याचं बाबांना आठवत नाही. याचा संबंध असेल-नसेल, लिहून ठेवते.

पुढच्या आठवड्यात कुंभार्ली घाट चढून कराडला जायचंय. प्लेट की वायर, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

हायवेचा_राजा

क्लच ऑइल कमी झालं असणार. टॉपअप करा, पेडल कडक होईल.

निवांत_चालक

राजे, ८०० ला क्लच ऑइल नसतंच. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ वायर जाते. बॉनेटखाली दिसणारी डबी ब्रेक ऑइलची. तिचा क्लचशी काही संबंध नाही. ताई, ऐकून डबी काठोकाठ भरू नका म्हणजे झालं.

पुराचं वाचून मला वेगळीच शंका आली. पाण्यात राहिलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाला) चिकटते, मग क्लच दाबला तरी सुटत नाही. तसं काही?

पानापक्कड

चिकटलेल्या प्लेटचं पेडल सैल लागत नाही, हाताला नेहमीसारखंच लागतं. शिवाय ती भानगड गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर होते. इथे गाडी चालतेय. तो मुद्दा बाजूला ठेवू.

वाशिष्ठीताई, माझं कराडला छोटं गॅरेज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या मेकॅनिकचं निदान उलट्या दिशेचं आहे. प्लेट झिजली की पेडल सैल होत नाही, घट्ट होतं. प्लेटचं अस्तर पातळ झालं की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या स्प्रिंगची आतली बोटं बाहेर, रिलीज बेअरिंगच्या (पेडल दाबलं की ही बोटं ढकलणाऱ्या बेअरिंगच्या) दिशेने येतात. म्हणजे बोटं आणि बेअरिंग यांच्यातली मोकळी जागा कमी होते. पेडलवर त्याचा अर्थ असा, की फुकट चाल (क्लचवर जोर येण्याआधी पेडल मोकळं जातं ते अंतर) घटते आणि गाडी उचलण्याची जागा वर वर सरकते. पुढे मोकळी जागा अजिबात उरली नाही की बेअरिंग सतत टेकून राहतं आणि क्लच स्लिप मारायला लागतो. घाटात ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही, जळका वास येतो. यातलं काही होतंय का तुमच्याकडे?

तुम्ही सांगताय ते नेमकं याच्या विरुद्ध. पेडल सैल, गाडी तळाला उचलते, रिव्हर्सला खरखर. याला आम्ही 'क्लच सोडत नाही' म्हणतो. पाय पूर्ण दाबूनही प्लेट अर्धवट धरलेलीच राहते आणि गिअरबॉक्सची आतली शाफ्ट फिरत राहते. रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी सोय) नसतो, म्हणून तो आधी बोंबलतो. इंजिन बंद असताना गिअर नीट पडतात, म्हणजे गिअरची लिव्हर आणि तिच्या काड्या ठीक आहेत.

पण वडिलांनाही लगेच शाबासकी देऊ नका. वायर सैल का झाली ते कळल्याशिवाय नट आवळायचा नाही. एवढं बघून सांगा:

पेडलशेजारी मोजपट्टी उभी धरा आणि पेडल हाताने हलकेच दाबा. अडेपर्यंत किती मिमी जातं? या गाडीला साधारण १५ ते २५ मिमी चालतं. मालकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

मग टॉर्च घेऊन पेडलच्या वरच्या टोकाला वाकून बघा, वायर हुकात अडकते तिथे. बारीक तारा तुटून पिंजारल्यात का?

वडिलांना पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली बघत राहा. वायरचं बाहेरचं आवरण फायरवॉलला (इंजिन आणि आपली बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला) टेकतं तिथला पत्रा आत-बाहेर लवतो का? गंजलेल्या गाड्यांत तिथे किंवा पेडलच्या ब्रॅकेटला चीर जाते आणि लोक वायर आवळत बसतात. गिअरबॉक्सवरचा ब्रॅकेटही तेव्हाच बघून घ्या.

शेवटी गिअरबॉक्सकडच्या टोकाला, नटच्या पुढे आवळायला आटे किती शिल्लक आहेत ते.

गाडी सपाटीवर, इंजिन गार, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड. गिअर न्यूट्रलला.

वाशिष्ठी

पानापक्कडदादा, खूप आभार. स्लिप मारत नाही, जळका वासही नाही. आज सकाळी बाबांना पेडलवर बसवून सगळं पाहिलं.

फुकट चाल ६० मिमीच्या आसपास. फायरवॉलचा पत्रा शाबूत, लवत नाही. ब्रॅकेटही घट्ट. पेडलच्या हुकाजवळ दोन-तीन तारा तुटून वर आल्यात, बोटाला टोचल्या. गिअरबॉक्सकडे आटे जवळपास संपलेत. आधीच कुणीतरी बरंच आवळून ठेवलंय.

अजून एक जाणवलं. पेडल वर सैल आहे, पण फुकट चाल संपल्यावर खाली जाताना जड आहे, खसखस करत जातं. बाबा म्हणाले, अगं पूर्वी एवढं जड नव्हतं. आणि इंजिनकडच्या बाजूला वायरचं काळं आवरण एका जागी चकचकीत, फुगल्यासारखं दिसतंय. तापल्यासारखं म्हणा ना. सायलेन्सरपासून तर बरंच लांब आहे.

पानापक्कड

मग नटला हात लावू नका, वायर बदला. नुसती सैल असती तर आवळून भागलं असतं. वर सैल आणि खाली जड हे दोन्ही एकत्र आलं की वायर आतून संपली. आतली तार आवरणाला घासते, तिथे जोर खर्च होतो आणि एकेक तार तुटत गेली की लांबीही वाढते. आटे संपलेत, तेच सांगतंय. अशी वायर आवळली तर दोन दिवस बरं वाटेल आणि घाटातल्या वळणावर तुटेल.

त्या चकचकीत जागेचं मात्र मला पटत नाही. नवीन वायरही तशीच जळायची.

घाटमाथा

मी बरोबर इथेच उडी मारणार होतो! ताई, एक विचारतो. स्टार्टर मारताना इंजिन जड फिरतं का? बॅटरी चांगली असूनही?

वाशिष्ठी

हो!! सकाळी रडत रडत सुरू होते. बॅटरी नवीन टाकून वर्षही झालेलं नाही. दुकानदार म्हणाला बॅटरी ठणठणीत आहे. त्याचा क्लचशी काय संबंध?

घाटमाथा

संबंध आहे आणि तो भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. स्टार्टरचा करंट बॅटरीकडे परत जायला इंजिन किंवा गिअरबॉक्सवरून अर्थिंगची जाड पट्टी जोडलेली असते. ही पट्टी सडली, की तो सगळा करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या लोखंडी वस्तू उरतात कोणत्या? क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, गिअरच्या काड्या. शेकडो अँपिअरचा झटका त्या बारीक तारांतून गेला की वायर तापते आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं. मग तार थेट धातूच्या आवरणावर घासत राहते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची अर्थ पट्टी सडणं अगदी शक्य आहे. वायरिंग बदललं तरी ती पट्टी कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण ती खाली चिखलात लपलेली असते.

खात्री करायची तर जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूला आणि मग स्टार्टर मारा. इंजिन एकदम चपळ फिरलं तर अर्थच खराब. मल्टिमीटर असेल तर स्टार्टर चालू असताना बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिन यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की पट्टी बदला.

हायवेचा_राजा

विकून टाका हो. एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च?

वाशिष्ठी

राजे, बाबांसमोर हे वाक्य बोलून दाखवा, मग बघू.

घाटमाथा, जंपर केबल शेजारच्या काकांकडेच मिळाली. इंजिन असं फिरलं की आम्ही दोघी-तिघं एकदम दचकलो. खाली वाकून पाहिलं तर पट्टी हिरवी पडलीय आणि बोल्टपाशी जेमतेम काही धाग्यांवर टिकलीय. नवीन वायर आणि पट्टी दोन्ही आणते. बसवायचं काम ओळखीच्या मुलाकडून करून घेणार, पण मला समजून उभं राहायचंय.

पानापक्कड

घाटमाथा, तुम्हाला मानलं.

ताई, क्रम असा ठेवा. आधी अर्थ पट्टी. बॅटरीचं ऋण टोक काढून ठेवा, दोन्ही बोल्टांखालची जागा सॅंडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, मग पट्टी आवळा. गंजावर नवी पट्टी बसवली तर पैसे पाण्यात.

जुनी वायर काढण्याआधी मोबाइलवर तिच्या वाटेचा फोटो घ्या. नवी अगदी त्याच वाटेने गेली पाहिजे. आखूड वळण नको, सायलेन्सरची नळी जवळ नको. तिच्यात तेल ओतायचा मोह आवरा. आतलं अस्तर गुळगुळीतच असतं, तेलाने त्यात धूळ जमते. पेडलच्या हुकाला आणि पिनेला बोटभर ग्रीस पुरे.

आता सेटिंग. गिअरबॉक्सवरचा रिलीज आर्म (वायर ज्याला ओढते तो दांडा) हाताने हलवा, अडेपर्यंत २ ते ४ मिमी मोकळा हलला पाहिजे. नट फिरवताना वायरचं टोक पकडीने धरा, नाहीतर अख्खी वायर पिळली जाते. मग आत येऊन पेडल दहा-वीसदा पूर्ण दाबा-सोडा, म्हणजे आवरणाची टोकं आपापल्या खाचेत बसतील. त्यानंतर मोजपट्टीने पेडल पुन्हा मोजा आणि पुन्हा नट. पेडल अगदी कडक करून घेऊ नका. बसवणारा मुलगा 'एकदम टाइट करून देतो' म्हणाला तर त्याला थांबवा. फुकट चाल शून्यावर आली की बेअरिंग सतत फिरत राहतं आणि चांगली प्लेट स्लिप मारायला लागते. मग तुमचा पहिला मेकॅनिक खरा ठरायचा.

शेवटची चाचणी: न्यूट्रलमध्ये इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स. खरखर नको.

निवांत_चालक

आणि घाटात डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर सोडा. तो नुसता भारही बेअरिंगला पुरतो.

वाशिष्ठी

झालं काम. काढलेली वायर बाबांनी कापून बघितली, आतलं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं होतं. पट्टी बदलल्यावर स्टार्टर पहिल्या झटक्यात. फुकट चाल २० मिमी ठेवली, रिव्हर्स गुपचूप पडतो, काका गॅलरीत आले नाहीत. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. सगळ्यांचे आभार.

एकच राहिलं. घाटात कधी वायर तुटलीच तर?

घाटमाथा

गाडी कडेला घ्या, इंडिकेटर लावा, मदत बोलवा. सपाटीवर असाल तर युक्ती आहे. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि स्टार्टर मारायचा, गाडी धक्का देत चालायला लागते. समोरचा रस्ता मोकळा असेल तरच. गॅरेजपर्यंत तेवढ्याच गिअरमध्ये हळू जायचं, थांबायची वेळ आली की इंजिन बंद. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टरच लागत नाही अशा नव्या गाड्यांत हे जमत नाही. घाटात मात्र करू नका, उतारावर तर मुळीच नाही.

पानापक्कड

ताई, नवी वायर सुरुवातीला थोडी ताणली जाते. कराडहून परत आल्यावर मोजपट्टी लावून फुकट चाल एकदा मोजा, २५ मिमीच्या वर गेलं असेल तर अर्धा-एक फेरा आवळा. त्यानंतर सर्व्हिसिंगच्या वेळी बघितलं तरी चालेल. आणि पुढे कधी फुकट चाल आपोआप कमी होत चाललेली दिसली, तर ती प्लेटची झीज. तेव्हा नट सैल करायचा, आवळायचा नाही.