मदत हवी आहे : कॅन्सर हाडात कसा जातो, हे कोणत्या मॉडेलवर समजावू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एमएस्सी प्राणिशास्त्र करतोय. सेमिनारला विषय घेतलाय स्तनाचा कॅन्सर हाडात पसरण्याचा. कारण घरचंच. मावशीची कंबर वर्षभर दुखायची, आम्ही म्हणायचो निंदणानं धरली. निघालं मणक्यात पसरलेलं.

इंग्रज सर्जन स्टीफन पॅजेटनं १८८९ मध्ये मांडलेली 'बी आणि जमीन' ही कल्पना (कॅन्सरची पेशी म्हणजे बी, ती जिथं रुजते तो अवयव म्हणजे जमीन) आम्हा कपाशीवाल्यांना लगेच कळते. अडलोय पुढं, हे पसरणं उंदरात घडवून अभ्यासायच्या पद्धतींत, म्हणजे मॉडेलांत. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून कॅन्सरच्या पेशी सोडल्या तर बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात, म्हणून हृदयाच्या डाव्या कप्प्यात सुई देतात. काही जण थेट नडगीच्या हाडात टोचतात. पण मग पसरणं कुठं राहिलं राजेहो? ते तर आयतं रोप लावणं झालं! शिवाय माणसाच्या पेशी तिथं टिकाव्यात म्हणून उंदीर कमकुवत प्रतिकारशक्तीचा घ्यावा लागतो. ४टी१ या उंदराच्याच स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी. त्या स्तनातून आपणहून पसरतात, पण फुप्फुसातही भरपूर.

यांपैकी मुख्य कोणतं मॉडेल धरू? कुणी प्रत्यक्ष काम केलंय का?

आमच्याकडे सेल कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायची सोय नाही. कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवलंय, आता रबरासारखं वाकतं. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशीही आम्ल सोडूनच हाडातलं खनिज विरघळवतात, त्यासाठी हे दाखवलं तर चालेल ना, की सर हसतील? सेमिनार शुक्रवारी आहे.