कानांना सवय झाली तरी शरीराला होत नाही
सवय झाली की गोंगाटाचा त्रास होत नाही, असे म्हटले जाते. ते मनापुरते खरे असले तरी शरीराला लागू पडत नाही. रात्री खिडकीखालून अवजड ट्रक गेला आणि जाग आली नाही, तरीही त्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. हे वर्षानुवर्षे चालले तर हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरील वाहतुकीच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४५ डेसिबलच्या खाली आणण्याची शिफारस केली. मला अधिक काळजी वाटते ती मुलांची. विमानतळांजवळच्या शाळांतील मुले वाचनात मागे पडतात, असे अभ्यासांत आढळले आहे. त्यांना सवय करून घ्यायला सांगणे अन्यायाचे आहे.