आज्जी सगळ्या लढाया एकत्र करते, कोणती कधीची कसं ओळखू?

माळवद:
गाव तुळजापूर तालुक्यात, सोलापूर रोडपासून आत. आज्जी नव्वदीला टेकली म्हणून तिच्या गोष्टी रेकॉर्ड करायला घेतल्या तर सगळं गुतूनच चाललंय. निजामाचे रझाकार आले अशी हाळी आली की तिची आई लेकरांना बळदात, म्हणजे घरातल्या धान्याच्या कोठारात, उतरवायची, वर पाटी झाकायची, ज्वारीनं अंगाला खाज सुटायची पण खोकायचं नाही, मग विमानं आली, मग सोमवारी रात्री चूल बंद, मग पत्राला ५ पैशाचं जादा तिकीट... सगळं एका दमात आणि सगळं "लढाईत". कसं वेगळं करू?

उस्मानाबादी_शेळी:
तीन हायत त्या. बळद आणि विमानं १९४८ ची. १३ सप्टेंबरला भारताची फौज सोलापूरकडूनच निजामाच्या हद्दीत आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, तुमच्या पट्ट्यातूनच गेली असणार. सोमवारची चूल १९६५ ची, शास्त्रीजींनी एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलेलं. आणि तिकीट १९७१ चं, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी लावलेलं. म्हणजे बळद आज्जीचं लहानपण आणि तिकीट बहुतेक तुझ्या बापाचं 😄

औसा_नाका:
तारखा बरोबर पण १७ ला निजाम शरण आला अन् विषय संपला असं नाही भाऊ. आमच्या घरात "पुलिस ॲक्शन" म्हणतात ते त्याच्या पुढच्या दिवसांना. रझाकारांशी काही देणंघेणं नसलेली मुसलमान माणसं पण त्यात गेली, दिल्लीनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल कमिटीनं अख्ख्या हैद्राबाद स्टेटचा आकडा २७ ते ४० हजार धरला होता आणि जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद, नांदेड होतं. दादा तेव्हा दहा वर्षांचे, उभ्या ज्वारीत दोन रात्री काढल्या, पावसाचे दिवस, पायाला चिखल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशीनं घरात घेतलं. आज्जीला विचारा, फौज गेल्यावर बळदात कोण होतं.

सतरा_सप्टेंबर:
झेंडावंदनाला इतक्या वर्षात हे कुणी बोललेलं ऐकलं नाही. रझाकारांनी जाळलेली घरं आमच्या गावातपण होती, ते विसरू नका फक्त.

औसा_नाका:
विसरत नाही, दादा दोन्ही सांगायचे.

माळवद:
विचारलं काल. बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणली पिंजाऱ्याची दोन लेकरं होती, बारकं सारखं खोकायचं म्हणून आई वर जातं ओढत बसायची, दळायला काही नसलं तरी. मग मला म्हणली ते मोबाईल बंद कर आधी.