मिस्टरांच्या पश्चात कर्जे फेडायची आहेत, घरखर्चात आणखी काय कमी करावे?

घणसोलीची आई (प्रश्न)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी माझे मिस्टर हृदयविकाराने गेले. आता घरात मी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई असे तिघे आहोत. मी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते आणि हातात 46,000 रुपये येतात. दिवसभर दुसऱ्यांचा ताळा जुळवणाऱ्या बाईचा स्वतःच्या घरातला ताळा जुळत नाही, हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु नातेवाइकांत बोलायची सोय नाही म्हणून येथे लिहीत आहे.

वन रूम किचनचे भाडे 14,000, मुलाची फी, व्हॅन आणि शिकवणी मिळून 5,500, किराणा, दूध व भाजी 9,000, वीज, गॅस आणि फोन 2,200, सासूबाईंची औषधे 1,800 आणि माझे येणे-जाणे 700, म्हणजे एकूण 33,200 रुपये होतात. उरलेल्या 12,800 मधून 2022 मध्ये मिस्टरांनी काढलेल्या वैयक्तिक कर्जाचा 6,400 चा हप्ता जातो. त्या कर्जात मी सहकर्जदार आहे आणि अजून 22 हप्ते बाकी आहेत. माझ्या क्रेडिट कार्डावर 86,000 थकले आहेत, त्याची किमान रक्कम 4,300 भरते. मिस्टरांच्या कार्डावर 1,12,000 आहेत. वसुलीवाले फोन करतात म्हणून गेले चौदा महिने मी त्यांना दरमहा 4,000 देते, पण आकडा काही खाली येत नाही. शिवाय 2,000 ची भिशी आहे, आणि जाऊबाईंकडून हातउसने घेतलेले 50,000 आहेत, ज्यांचे व्याज पैशांत नव्हे, बोलण्यात भरावे लागते.

महिनाअखेरीस साधारण 3,900 कमी पडतात आणि तेवढा किराणा कार्डावर घेतला जातो. सहा महिन्यांपूर्वी त्याच कार्डावर 67,000 होते. दूध एक लिटरवरून पाऊण लिटर केले, गेल्या महिन्यात मुलाची शिकवणी बंद करावी असेही मनात आले. आईने दिलेल्या पाटल्या आहेत, त्यांना हात लावायचे धैर्य होत नाही. आणखी काय कमी करता येईल, हे कोणी सुचवावे.

नौपाड्याचे काका

ताई, मी एका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमचा हिशेब दोनदा वाचला आणि माझे मत असे झाले की दुधावर आणि शिकवणीवर कात्री चालवण्याआधी कागद काढायला हवेत, कारण यातले कोणते देणे तुमचे आहे आणि कोणते येणे तुमचे असून आलेले नाही, हे अजून ठरलेलेच नाही.

मिस्टरांच्या कार्डाचे आधी घेतो. कार्ड त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल आणि तुम्ही कोठेही जामीन वा सहकर्जदार नसाल, तर ते देणे तुमच्या पगारातून वसूल करता येत नाही. वारसाची जबाबदारी मृताकडून वारशाने जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 50 हेच सांगते. त्यांच्या मागे काय राहिले, ते पाहा. भविष्यनिर्वाह निधीची (पीएफची) रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला मिळते तेव्हा ती मृताच्या कर्जापासून मुक्त असते, अशी त्या निधीच्या कायद्यातच तरतूद आहे. मृत्यूचा दाखला जोडून कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी कळवा आणि कोणत्या आधारावर तुमच्याकडे मागणी होते, हे लेखीच विचारा. हे देणे मी माझ्या अंगावर घेते, अशा अर्थाच्या कोणत्याही कागदावर किंवा संदेशावर होकार देऊ नका. चौदा महिन्यांत तुम्ही 56,000 दिलेत, ते बहुधा व्याजातच विरले असतील.

वसुलीच्या लोकांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट 2022 चे परिपत्रक आहे. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. चौकशीचा क्रमांक 14448 आहे. वकील लागलाच तर ठाणे जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तेथे महिलांना उत्पन्नाची अट नाही.

दुसरे, वैयक्तिक कर्ज. ते देताना अनेकदा कर्जाचा विमाही, म्हणजे कर्जदार गेला तर उरलेले कर्ज फेडणारा विमा, गळ्यात मारलेला असतो आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मंजूर रक्कम आणि खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यांतला फरक काढा. त्यातून प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वजा केल्यावरही काही उरत असेल, तर तो विम्याचा हप्ता असण्याची शक्यता मोठी आहे.

तिसरे, मिस्टर नोकरीत असताना गेले का, आणि त्यांचा पीएफ कापला जात होता का? तसे असेल तर नुसता निधी काढून काम संपत नाही. नोकरीत एक महिन्याची जरी वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळते, ती महिना किमान 1,000 रुपये असते, आणि त्याखेरीज मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत तिच्या एक चतुर्थांश वेगळी मिळते. पीएफ खात्याला जोडलेल्या विम्याची, म्हणजे ठेव संलग्न विम्याची, रक्कमही असते आणि तिची कमाल मर्यादा 7 लाख आहे. या तिन्हींसाठी मृत्यूच्या प्रकरणांचा एकच एकत्रित अर्ज आहे. वाशी किंवा ठाण्याच्या कार्यालयात, जेथे त्यांचे खाते असेल तेथे, चौकशी करा.

ऐरोलीची मावशी

काकांनी कायद्याचे सांगितले, मी पाटल्यांचे सांगते, कारण या वाटेने मी स्वतः गेले आहे. तुमच्या कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज असेल, असे धरून चला. 86,000 वर 3,010 रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे 542, म्हणजे 3,552. तुम्ही 4,300 भरता तेव्हा मुद्दल उतरते ते फक्त 748 रुपयांनी, आणि त्याच महिन्यात 3,900 चा किराणा पुन्हा चढतो. पूर्ण बिल भरले जात नाही तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्यामुळे तो तांदूळसुद्धा तुम्ही पहिल्या दिवसापासून व्याजाने खाता.

सरकारी बँकेतले सोने तारण कर्ज वर्षाला नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास मिळते. एवढ्याच रकमेवर महिन्याला साधारण सातशे रुपये व्याज. तोळा लाखाच्या पुढे गेला आहे, त्यामुळे बहुधा एकाच पाटलीत काम भागेल, दोन्ही ठेवायची गरज पडणार नाही. मी माझी पाटली ठेवली तेव्हा सराफाने ती दगडावर घासली आणि तो पिवळा ओरखडा पाहून मला रडू आले. काउंटरवरच्या मुलीने पाणी दिले, पावती दिली आणि पुढच्याला हाक मारली. अकरा महिन्यांनी ती पाटली त्याच कापडी पुरचुंडीत परत मिळाली. गल्लीतल्या पेढीवर मात्र ठेवू नका, आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण मुदत चुकली तर लिलावाची नोटीस येते.

एक अट आहे. कार्डाचे पैसे भरले त्याच दिवशी कार्ड बंद करायचे. मी पहिल्या वेळी ते "अडीअडचणीला असू दे" म्हणून कपाटात ठेवले आणि गणपतीपर्यंत पुन्हा चाळीस हजारांवर गेले.

भिशी अजून उचलली नसेल तर आता उचला आणि ती रक्कम कार्डातच घाला, म्हणजे तारण तेवढे कमी ठेवावे लागेल.

कळव्याचा बाबा

मी एकटा दोन मुली वाढवतो, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मावशींचा मार्ग बरोबर आहे, पण उरलेला प्रत्येक रुपया कर्जात घालू नका. मी तसे केले होते. मोठीला डेंग्यू झाला तेव्हा खात्यात नऊशे रुपये होते आणि मी मोबाइलवरच्या एका ॲपकडून कर्ज घेतले, ज्यातून बाहेर पडायला दीड वर्ष लागले. कर्ज दोन-चार महिने उशिरा फिटले तरी चालेल, पण महिना हजार रुपये वेगळ्या खात्यात टाका, आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड घेऊच नका.

जाऊबाईंना दर महिन्याच्या एकाच तारखेला हजार रुपये द्या आणि वहीत त्यांच्यासमोर लिहा. रक्कम लहान असली तरी तारीख चुकत नाही असे दिसले की बोलणे बरेच कमी होते. निदान माझ्या मेव्हण्याचे झाले.

शिकवणी बंद करू नका. ती बंद केली की संध्याकाळी मूल एकटे, मोबाइल हातात, आणि आपण अजून ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे, तीत मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाते. पैसे नियमित येतात असे नाही, म्हणून ते महिन्याच्या हिशेबात धरू नका, पण जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन या.

घणसोलीची आई

सर्वांचे मनापासून आभार. मिस्टरांच्या कागदांची फाइल दोन वर्षे मी उघडली नव्हती. रविवारी मुलगा क्रिकेटला गेल्यावर सासूबाई आणि मी पलंगाखालची पेटी ओढून बसलो. कर्ज 2,75,000 मंजूर झाले होते आणि खात्यात जमा 2,61,200. प्रक्रिया शुल्क जीएसटीसह 6,490 आणि त्याखाली बारीक अक्षरांत 7,310 रुपये, समोर "समूह विमा". माझी सही त्याच पानावर आहे. हिशेब विभागात काम करणारी मी, आणि ती ओळ वाचली नव्हती.

बँकेत गेले तेव्हा आधी "दोन वर्षे झाली, आता काही होणार नाही" असे सांगितले. मी लेखी उत्तर मागितल्यावर दावा नोंदवून घेतला. मृत्यूचा दाखला दिला आहे, आयसीयूचे कागद मागितले आहेत, त्यासाठी शनिवारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जायचे आहे. पीएफचे मी त्या वेळी फक्त 1,90,000 काढले होते आणि तेवढेच असते असे समजले होते. पेन्शनचा अर्ज मिस्टरांच्या कंपनीकडून सही होऊन यायचा आहे. कार्डाच्या बँकेला पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. या महिन्यात ते 4,000 दिले नाहीत. फोन तीनदा आला, एकदा रात्री पावणेनऊला, त्याची वेळ मी लिहून ठेवली आहे.

भिशीचे 20,000 मिळाले, अजून तीन महिने भरायचे आहेत. उरलेल्या 66,000 साठी एक पाटली ठेवली. नवीन हिशेबात घरखर्च, हप्ता आणि भिशी जाऊन 4,400 उरतात. त्यातले हजार बाबांनी सांगितल्याप्रमाणे वेगळे आणि हजार जाऊबाईंना, म्हणजे पाटलीसाठी तूर्त 2,400 राहतात. भिशी संपली की ते 4,400 होतील, तरी वर्षात ती सुटणार नाही असे दिसते. काका, एक विचारायचे आहे. विम्याचा निर्णय होईपर्यंत 6,400 चा हप्ता थांबवला तर चालेल का?

नौपाड्याचे काका

थांबवू नका. तुम्ही सहकर्जदार आहात, हप्ता चुकला तर तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद होईल आणि वर दंडही लागेल. दावा मंजूर झाला तर तो मृत्यूच्या तारखेच्या स्थितीवर ठरतो, त्यामुळे त्यानंतर भरलेल्या हप्त्यांचा हिशेब बँकेकडे मागता येईल. खातेउतारा आजच काढून ठेवा. आणि उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाचे 2011 चे परिपत्रक आहे. कोणी पुन्हा "दोन वर्षे झाली" म्हणाले तर त्याची प्रत पुढे करा. पाटलीला वर्षात जेवढे कमी पडेल तेवढ्याचे मुदतीआधी नूतनीकरण करून घ्या, त्यासाठी व्याज मात्र चुकते असले पाहिजे. शनिवारी रेकॉर्ड विभागात जाताना लग्नाचा दाखला आणि तुमचे आधार कार्ड बरोबर न्या, नाहीतर दुसरी फेरी पडेल.