मदत हवी आहे: लेकीला अमेरिकेत अ‍ॅथलेटिक्स स्कॉलरशिप हवी आहे, सॅट द्यायची की नाही?

नमस्कार मंडळी,

माझी लेक अकरावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. उंच उडी मारते, सातवीपासून पुण्यात सणस मैदानावर सराव चालू आहे. आपल्या तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ ला उंच उडीत एनसीएएचं (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना) विजेतेपद मिळवलं, ते व्हिडिओ बघून बघून तिच्या डोक्यात अमेरिका पक्की बसली आहे. आम्ही दोघंही नोकरदार. पूर्ण फी भरून पाठवणं झेपणार नाही, स्कॉलरशिप मिळाली तरच.

घोळ सॅटचा, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा आहे. एका एजंटकडे गेलो होतो. तो म्हणाला, "आधी सॅटला १२०० आणा, मग बोलू," आणि वर पॅकेजचे अडीच लाख. घरी येऊन वाचलं तर एनसीएएने जानेवारी २०२३ मध्येच डिव्हिजन एक आणि दोनसाठी (कॉलेजांचे वरचे दोन गट) सॅट किंवा तशाच एसीटी परीक्षेची अट काढून टाकलेली. परत फोन केला तर म्हणे, "मॅडम, ते अमेरिकन मुलांसाठी." हे काही पटलं नाही. पण गेल्या आठवड्यात फ्लोरिडातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या कोचचं उत्तर आलं: उडी आवडली, सॅटचा स्कोअर कळवा. आता खरं काय धरायचं?

दुसरं, कागदपत्रं. एनसीएएला नववीपासूनचे मार्क लागतात. नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत आहे आणि शाळेचा शिक्का अर्धा उडालेला. लेक सेमी इंग्लिशची, गणित-विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. ते विषय १६ कोअर कोर्समध्ये (पात्रतेसाठी एनसीएए मोजते ते विषय) धरतात का?

तिसरं, वेळ. बारावीत मार्चची सॅट बोर्डाच्या पेपरांतच येते. म्हणून यंदा जूनमध्ये उरकावी असं वाटतंय. गणिताची भीती नाही, इंग्रजी उताऱ्यांची आहे.

ज्यांची मुलं या वाटेने गेली आहेत त्यांनी कृपया सांगा. एजंटचे नंबर नकोत, एक पुरे झाला.

---

ताई, माझा भाचा भालाफेकीवर गेला, म्हणून थोडं सांगतो. एजंट आणि कोच वेगवेगळ्या गोष्टी बोलताहेत. खेळण्याची पात्रता एनसीएए ठरवते, तिथे सॅट लागत नाही, परदेशी मुलांनाही नाही. प्रवेश मात्र विद्यापीठ देतं. फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं स्कोअर मागतातच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या यूसीएलए, बर्कलेसारख्या शाखा प्रवेशासाठी तो बघतच नाहीत. तेव्हा आधी विद्यापीठांची यादी करा, मग परीक्षेचं ठरवा.

तरीही मी द्या म्हणेन, कारण पैसा. ट्रॅकवाल्यांना बहुतेकदा पूर्ण स्कॉलरशिप मिळत नाही, तुकडा मिळतो. बाकीचा खड्डा अभ्यासाच्या स्कॉलरशिपने भरावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे स्कोअर उपयोगी पडतो. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी पैसे मिळतच नाहीत, हार्वर्डसारख्या नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्येही नाहीत. नाव मोठं म्हणून त्यात वेळ घालवू नका.

नववीचं प्रगतिपुस्तक शाळेकडून नव्याने शिक्का मारून घ्या आणि ओळीनओळ प्रमाणित भाषांतर करा. मराठीतून शिकलेला इतिहास आम्ही तसाच दाखवला होता, तो धरला गेला. मूळ प्रत आणि भाषांतर दोन्ही पाठवलं होतं. डिव्हिजन एकसाठी कोअर विषयांची सरासरी चारपैकी किमान २.३ लागते, तिची आत्ताच काढून बघा. इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस परीक्षा बहुतेक ठिकाणी वेगळी लागेल, हे एजंट शेवटी सांगतात.

जून चालेल. परीक्षा लॅपटॉपवर, सव्वादोन तासांची. उतारे आता लहान असतात, एकेका उताऱ्यावर एकच प्रश्न, म्हणून इतकं घाबरू नका.

---

दादा, खूप आभार. शाळेत सोमवारी जाते. एकच विचारायचं राहिलं: ते भाषांतर पुण्यात कुणाकडून करून घेतलंत, नोटरी चालली का?